यमनात लागलेलं इंग्रजी गाणं

माझ्या सतारीला नातीनं वायर जोडली त्या दिवशी मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं नळाला पाणी आलं. त्या हंडा घेऊनच बाहेर आल्या. आमच्याकडं पाणी कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं वर कुणी ओरडलं की खाली आधी भांडी सरकतात.

पाणी नव्हतं आलं. पोरीनं माझ्या सतारीच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडी फळी बसवलेली असते तिच्यावर, रुपयाएवढी एक चकती चिकटवली होती. चकतीतनं काळी वायर निघालेली, ती जमिनीवरच्या एका लोखंडी डबीत गेलेली, आणि डबीवर पोरीचा पाय. पाय!

"पाय काढ," मी म्हटलं.

"आजी, हे पायानंच दाबायचं असतं."

"सतारीला पाय लावतेस?"

"सतारीला कुठं? डबीला लावलाय."

"आणि डबीत काय आहे?"

"सतारीचा आवाज," ती म्हणाली, आणि मग तिची तिनंच जीभ चावली.

आमच्या वेळी सतारीच्या गवसणीला नुसता पाय लागला, रिकाम्या गवसणीला, तरी गुरुजी तिला वाकून नमस्कार करायला लावायचे. ते आठवून मला घाम फुटला. शेवटी आमच्यात तोडगा निघाला. तेव्हापासून ती वाजवायला बसली की आधी सतारीला नमस्कार करते, मग वाकून डबीला हात लावते, तो हात कपाळाला लावते, आणि मग तीच डबी पायानं दाबते. देवालासुद्धा हा प्रकार कळत नसेल.

त्या दिवशी नमस्कार झाल्यावर तिनं डबी दाबली आणि तारेला नखी मारली. जे आलं त्याला मी सूर म्हणणार नाही. पत्र्याच्या शेडवरनं कुणीतरी नांगर ओढत नेला. मी भिंत धरली. आमचे 'हे' आतल्या खोलीतनं पेपर हातात घेऊन धावत आले आणि दारात उभे राहून खुशीत म्हणाले, "लई भारी! आपल्या गंगापूरच्या कारखान्याचा भोंगा अस्साच वाजायचा."

"आजोबा, थँक्यू," नात म्हणाली.

तिला ते कौतुक वाटलं याचाच मला दुसरा धक्का बसला.

आता एवढं ओरडणारी मी कोण, ते सांगायला पाहिजे. तुम्ही मला पंचविशीत बघायला हवं होतं. नको, नकोच. लई कठीण बाई होती ती. तिचा एक फोटो अजून घरात आहे, स्टुडिओत जाऊन काढलेला. मांडीवर सतार, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर असा भाव की सगळं ब्रह्मांड हिच्या खर्जावर उभं आहे. खरं म्हणजे त्या वेळी नवी चप्पल चावत होती आणि फोटोवाला "बाई, हलू नका" म्हणून ओरडत होता. लोकांना मात्र ती समाधी वाटायची. मलाही वाटायला लागली.

मला बघायला गंगापूरची मंडळी आली तेव्हाची गोष्ट. ऊस-कापूसवाली साधी माणसं. होणारे सासरे प्रेमानं म्हणाले, "पोरी, एखादं शिनेमातलं वाजीव की." मी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू ते चपला घालून देवघरात शिरलेत. आणि आलाप सुरू केला. पोहे गार झाले. चहा आला, त्यावर साय धरली. नणंदेचं तान्हं रडून झोपलं, उठलं, परत रडलं. सासऱ्यांनी मान खाली घातली तेव्हा मला वाटलं, सुरात बुडाले. घोरायला लागले तेव्हा कळलं. एकटे हेच तेवढे टक लावून बघत होते. लग्नानंतर मोठ्या आशेनं विचारलं, "तुम्हाला माझ्या वाजवण्यात काय आवडलं हो?"

"वाजीवताना तू बोलत नव्हतीस," हे म्हणाले.

लग्नानंतर तर कहरच. रस्त्यानं वरात चालली आणि बँडवाल्यांनी सिनेमातलं गाणं धरलं की ही बाई खिडक्या लावून घ्यायची आणि कानात कापसाचे बोळे घालून बसायची. कापसाला तोटा नव्हता, घरच्या शेतातलाच होता. बोळे घालून वर तोंडानं यमन गुणगुणायचा, म्हणजे अशुद्ध सूर मेंदूपर्यंत पोचायला नकोत. सासूबाई दारातनं डोकावून ह्यांना विचारायच्या, "सुनंला वारं तर नाय ना लागलं?"

एवढा थाट करून मी पुढं काय झाले? काही नाही. घरी शिकवण्या घेतल्या, चार गणपतींपुढं वाजवलं. बोटं दुखायला लागली तशी सतार गवसणीत गेली आणि गवसणी कपाटावर. त्याआधी नातीला मात्र शिकवून झालं होतं. शाळेत असताना ती सुट्टीत इथं यायची आणि माझ्यापुढं बसून तासन्‌तास एकच सूर घासायची. तेव्हा मी तिला फार रडवलं. पोरगी इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, आणि मला वाटलं, संपलं. गेल्या वर्षी एक दिवस पाठीला बॅग लावून दारात उभी. म्हणाली, "नोकरी सोडली. आजी, सतार खाली काढ."

मला आनंद झाला. आनंदानं मी तिला लाडू वळून घातले. सतार कशासाठी खाली काढायची ते विचारायचं राहून गेलं.

तिच्याबरोबर आणखी दोघं होती. एक तिची शाळेतली मैत्रीण, व्हायोलिन वाजवणारी, फारसं न बोलणारी. दुसरा सारंगीवाला. त्याचे आजोबा कव्वालांना साथ करायचे आणि त्यांचीच सारंगी त्याच्याकडं आलेली. सारंगी हातात घेताना तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचा, त्यामुळं मला वाटलं, चला, हा तरी वळणाचा आहे. तिघं दिवाणखान्यात बसली, वाद्यं जुळवली. मी आत उदबत्ती लावली. आणि बाहेर तिघांनी मिळून एक इंग्रजी गाणं सुरू केलं.

कुठल्याशा केस वाढवलेल्या गोऱ्या पोरांनी गिटारीवर वाजवलेलं जुनं गाणं. जगभरच्या लोकांना येतं म्हणे. सारंगी! जिच्यातनं माणूस रडल्यासारखा आवाज येतो ती सारंगी त्यावर उड्या मारत होती. व्हायोलिन तिच्यामागं धावत होतं. आणि माझी सतार मधनंमधनं भोंगा देत होती. मी उदबत्ती हातात घेऊन तशीच उभी राहिले. राख साडीवर पडली तेव्हा कळलं.

"दादी, सुनो तो सही," सारंगीवाला म्हणाला. "इसमें बी दर्द है. रोना आता."

"मलाही येतंय," मी म्हटलं. "कारण निराळं आहे."

तीन महिने रोज संध्याकाळी हे गाणं माझ्या भिंतीपलीकडं वाजलं. क्रांती चौकातले सगळे हॉर्न एका बाजूला आणि हे एका बाजूला. मी नाक मुरडत एवढं मात्र ओळखलं होतं, की गाण्यात गंधार, धैवत, निषाद कोमल आहेत. म्हणजे आमच्या हिशेबानं सकाळचे सूर. दिवे लागायच्या वेळी!

"अगं, निदान सकाळी तरी वाजवा," मी म्हटलं.

"आजी, इंग्रजी गाण्याला घड्याळ नसतं."

मी कपाटातनं कापूस काढला. हे जेवताना म्हणाले, "भाजी चिरताना तुझी विळी लई तालात चालती आजकाल." मी म्हटलं, गप जेवा.

पण थट्टा सोडली तर गोष्ट साधी नव्हती. माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, फोनवर तिला स्वच्छ सांगितलं होतं. या हिवाळ्यात एक तरी कायमचं काम धरून दाखव. एखाद-दुसरा वाढदिवस आणि साखरपुडा नको, दर आठवड्याचं काम. नाही धरलंस तर पुण्याची नोकरी परत घे, ते अजून घ्यायला तयार आहेत. मला वाटलं ती भांडेल. ती मुकाट हो म्हणाली. त्या मुकाटपणाचा मी धसका घेतला. नंतर म्हणाली, "पुण्याला गेले तर सतार नेणार नाही आजी. तिथं हिला वेळ कोण देणार? तुझी तुझ्याकडं राहू दे."

म्हणजे पुन्हा कपाट. ज्या सतारीनं भोंगा दिला म्हणून मी ओरडत होते, ती गप्प होणार म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना. आता काय म्हणावं या बाईला!

आणि मग फर्दापूरच्या एका हॉटेलमालकाचा निरोप आला. अजिंठ्याची लेणी बघून लोक तिथं मुक्कामाला येतात, संध्याकाळी त्यांना काहीतरी ऐकवायचं. मालकाला सतार हवी होती, 'पण झोप येणारी नको.' एका शनिवारी वाजवून दाखवा, पाहुण्यांना आवडलं तर मोसमभर दर शनिवार तुमचाच. झोप येणारी नको, हे ऐकून मला आमचे सासरे आठवले.

सारंगीवाल्याच्या मामूची एक व्हॅन होती, एरवी तिच्यातनं मंडपाच्या खुर्च्या जायच्या. तीत आम्ही पाच माणसं आणि तीन वाद्यं बसलो. मी का गेले? नातीला वाटलं, आशीर्वाद द्यायला. खरं तर ही पोरं परक्या लोकांसमोर काय करणार ते याचि डोळा बघून मला नीट हबकायचं होतं. पर्समध्ये कापूस घेतला होता.

सिल्लोडच्या पुढं रस्त्यानं आमची हाडं मोकळी केली. मी सतार मांडीवर आडवी धरून बसले होते, पहिल्या बाळाला दवाखान्यातनं आणताना धरलं होतं तशी. घाट उतरून फर्दापूरला पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. हिरवळीवर टेबलं मांडलेली, एका कडेला पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर, मधे बुटकं स्टेज. पोचल्या पोचल्या नातीनं सतार लावायला घेतली, कारण खड्ड्यांनी सगळ्या तारा उतरल्या होत्या.

इथं एक गोष्ट सांगते, ती कळली की पुढचं सगळं कळेल. सतारीच्या वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची एक रांग असते. त्यांना तरफा म्हणतात. वर जो सूर वाजेल, त्याच सुराला लावलेली खालची तरफ आपोआप थरारते. सतारीचा तो जो मागं रेंगाळणारा झंकार असतो ना, तो ह्या तरफांचा. म्हणून ज्या रागाचे सूर त्याच सुरांना तरफा लावायच्या. राग बदलला की तरफा बदलायच्या. आमच्या धंद्यात हे रोजचं झाडूपोतं.

नातीनं तरफा त्या गाण्याच्या सुरांना लावल्या. कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. स्पीकरमधनं वाजवून बघितल्या. सतार स्टेजवर ठेवली आणि कपडे बदलायला निघाली. जाताना मला म्हणाली, "आजी, बाजाची तार जरा उतरतीये. पाच मिनिटांनी तेवढी बघशील? बाकी कशालाच हात लावू नको."

ही सूचना मी ऐकली होती. शब्दन्‌शब्द ऐकली होती.

मी स्टेजवर बसले. बाजाची, म्हणजे मुख्य तार चढवली. छान लागली. मग सवयीनं करंगळीचं नख तरफांवरनं फिरवलं. समोर अजिंठ्याच्या डोंगरामागं दिवस मावळत होता, हिरवळीवरचे दिवे लागत होते, आणि माझ्या कानात कोमल धैवत! दिवेलागणीला! अंगावर पाल पडल्यासारखं झालं. माझ्या हातानं मला काही विचारलंच नाही. तो खुंट्यांकडं गेला. गंधार वर चढवला. मध्यम तीव्र केला. धैवत, निषाद सगळे शुद्ध. आयुष्यभर या वेळेला या हातानं एकच गोष्ट केली होती, यमन लावायचा, तीच त्यानं केली. नख पुन्हा फिरवलं. अहाहा. मी डोळे मिटले. स्टुडिओतल्या फोटोसारखे. चप्पल तेवढी चावत नव्हती.

आणि समाधानानं खाली येऊन पहिल्या रांगेत ह्यांच्याशेजारी बसले. आपण काय केलं याचा मनात संशयसुद्धा नाही. ही त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट.

लेण्यांकडनं पाहुण्यांची बस उशिरा आली. बरेचसे परदेशी, काही पुण्या-नागपूरचे. मालक हात हलवत म्हणाला, "सुरू करा, सुरू करा, लोक टेबलावर बसले." नात धावतच आली. सतारीला नमस्कार केला. वाकून डबीला हात लावला, कपाळाला लावला. कुणीतरी त्याचा फोटो काढला. मग तिनं त्या गाण्याची सुरुवात ठरवली होती तशी केली. करंगळीचं नख वरपासून खालपर्यंत सगळ्या तरफांवरनं सोडलं, स्पीकरच्या मोठ्या आवाजात.

फर्दापूरच्या हिरवळीवर माझा यमन सांडला.

मला आधी बरं वाटलं! खरं सांगते, एक क्षण मी "वा" म्हणाले. आणि त्याच क्षणी सारंगी आणि व्हायोलिन कोमल गंधार घेऊन आत शिरले.

त्यानंतर जे झालं त्याला उपमा नाही. वर गाणं आपल्या वाटेनं चाललंय, आणि खाली तरफांची रांग दर षड्जाला थरारून भलताच गंधार सांगतीये, तोही चकतीतनं, वायरमधनं, पुरुषभर उंचीच्या स्पीकरमधनं. सारंगीवाल्याचं तोंड दात दुखत असल्यासारखं झालं. व्हायोलिनवाली स्वतःच्याच खुंट्या तपासायला लागली. एका गोऱ्या बाईनं चमचा तोंडापाशी नेऊन तसाच धरला. मालक फोनवर शूटिंग करत होता, त्यानं हात खाली घेतला.

नातीनं तारांकडं बघितलंच नाही. ती सरळ माझ्याकडं बघत होती.

"हे असंच असतंय व्हय?" ह्यांनी माझ्या कानात विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी केलंय."

"तरीच," हे म्हणाले, "म्हटलं वळखीचं वाटतंय."

आजवर इतरांचं ऐकून धक्के घ्यायची सवय होती, हा माझा स्वतःचा होता. तिचा एक शनिवार होता, एकच, आणि तो मी माझ्या दोन हातांनी बिघडवला होता. पुण्याची नोकरी, कपाट, गवसणी, सगळं माझ्या डोळ्यांपुढनं गेलं.

गाणं थांबलं. आता आमच्या मैफलीत वाजवणाऱ्यानं मधेच थांबून सतार लावत बसावं, त्यात कुणाला काही वाटत नाही. ऐकणारे तेवढ्यात पान जमवून घेतात. पण इथं लोक जेवायला बसले होते आणि मालक चुळबुळत उभा होता. नातीनं माईकवरनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं, लोक हसले. मग माईक बाजूला न करताच मराठीत म्हणाली, "आजी, वर ये."

"मी?"

"तूच लावलास ना यमन? मग तूच उतरव. मला अर्धा तास लागेल. तुला नाही लागणार."

मी उठले. कापूस असलेली पर्स ह्यांच्या मांडीवर टाकली. गुडघे कुरकुरले तसा सारंगीवाल्यानं खाली येऊन हात दिला. "आवो दादी, आरामसे. डरो नक्को. सारंगीवालों की आधी उमर मिलानेमेंच जाती."

सतार मांडीवर घेतली. समोर सगळे चमचे थांबलेले. एवढी शांतता मला गणपतीपुढं कधी मिळाली नव्हती. कान दांडीला लावला आणि नातीला हळूच म्हटलं, "सूर सांग."

तिनं सांगायला तोंड उघडलं, तोवर माझा हात गंधाराच्या खुंटीवर पोचला होता. गंधार उतरला. मध्यम उतरला. धैवत, निषाद. एवढं तर कुणालाही कळलं असतं. पण ह्या गाण्यासाठी तिनं निषादाला दोन तरफा दिल्या होत्या, कारण गाणं पुन्हा पुन्हा जाऊन तिथंच थांबतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. माझा हात मात्र मधली एक तरफ उचलून निषादाला लावून मोकळा झाला होता. नात माझ्या बोटांकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. ही कुणाची बोटं आहेत, असं झालं मला.

तरफा लावून झाल्या की त्या बोलतात का ते बघायला एखादी ओळ वाजवायची, ही आमची पद्धत. यमन लावला तर यमनाची ओळ. मी मान खाली घालून ओळ वाजवली. धैवत थरारला. पुढची वाजवली. निषाद बोलला, दोन्ही तरफा एकदम, सुरेख. म्हणून आणखी पुढची वाजवली.

आणि कुणीतरी गायला लागलं.

मी दचकून वर बघितलं. मागच्या टेबलावर पांढऱ्या शेंडीवजा केसांचा एक म्हातारा परदेशी बाबा उभा राहिला होता आणि डोळे मिटून गात होता. मग त्याच्या शेजारची बाई. मग नागपूरकडचं टेबल. हे लोक कशाला गातायत? तर मी वाजवत होते ते गात होते. मी तीन महिने कानात कापूस घालून जे ऐकलं नव्हतं ते गाणं, पहिल्या सुरापासून, मुरक्यांसकट, मी त्यांच्यापुढं वाजवत होते.

माझा हात थिजला.

"थांबू नको," नात कानाशी म्हणाली.

"अगं पण मला हे येत नाही!"

"वाजव!"

सारंगी माझ्या मागनं हळूच आत आली. खोटं कशाला बोलू, तिच्यात दर्द होता. कडवं संपेपर्यंत मी वाजवलं, घसरत, ठेचकाळत, नखीशिवाय, नुसत्या बोटानं. मग सतार पोरीच्या हातात कोंबली आणि जवळजवळ पळतच खुर्चीत येऊन बसले. टाळ्या कुणासाठी चालल्यात ते बघायची हिंमत नव्हती. त्या फोटोतल्या बाईनं हे बघितलं असतं तर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं. आणि मला, काय सांगू, तिची पहिल्यांदाच थोडी कीव आली. किती गाण्यांना बोळे घातले असतील तिनं.

ह्यांनी मला रुमाल द्यायला म्हणून माझी पर्स उघडली आणि कापूस बाहेर काढला.

"हे वापरायचं राह्यलं की!"

"गप बसा."

"मी म्हनलंच होतं, विळी तालात चालती."

पुढं पोरांनी जोरात वाजवलं. मला सगळं आवडलं असं नाही. भोंगा तर अजिबात नाही. पण लोक जेवण संपल्यावरही उठेनात, आणि म्हाताऱ्या बाबानं शेवटपर्यंत टेबल वाजवलं.

कार्यक्रम संपल्यावर नात गवसणीची नाडी बांधत होती. तिच्या बोटांना गाठ जमत नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले. चुकले म्हणायला तोंड उघडलं, तोवर मालक आला.

"दर शनिवार तुमचा," तो तिला म्हणाला. "मार्चपर्यंत."

तिनं गाठ सोडूनच दिली.

"फक्त तो आजींचा आयटम तसाच ठेवा," मालक म्हणाला. "आधी सगळं बेसूर, मग आजी वर येतात, मग लोक गातात. आमच्या मॅनेजरला तर खरंच वाटलं की चुकलंय. काय ॲक्टिंग करता आजी तुम्ही!"

त्या दिवशी मला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. एवढी लाज, एवढा घाम, आणि हा माणूस त्याला आयटम म्हणत होता.

"मी आयुष्यात मुद्दाम बेसूर लावलेलं नाही," मी ताठ होऊन सांगितलं. "आणि लावणारही नाही."

सारंगीवाला तोंड फिरवून हसत होता. नात हसत नव्हती. ती बापाला फोन लावत होती. "बाबा," म्हणाली, "दर शनिवार," आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं माझा मुलगा विचारत होता, "आई, खरंच? नक्की काय वाजवलं तिनं?" मी म्हटलं, "ते तुला नाही कळायचं. ते ऐकावं लागतं."

व्हॅनमध्ये सतार पुन्हा माझ्या मांडीवर. नातीनं मला बजावलं, "आजी, पुढच्या वेळी आयटम-बियटम काही नाही. मालकाला मी समजावते. तू फक्त नीट लाव."

"लावीन," मी म्हटलं. "लहान आहे का मी?"

पुढच्या शनिवारी मी मन घट्ट करून स्टेजवर बसले. मनात घोकत होते, गंधार कोमल, धैवत कोमल, निषादाला दोन. डोंगरामागं दिवस मावळत होता. दिवे लागत होते. मी तरफा लावल्या, खाली येऊन बसले. पाहुणे आले. नातीनं सतारीला नमस्कार केला, डबीला केला, आणि नख सोडलं.

हिरवळीवर लखलखीत यमन.

देवाशप्पथ सांगते, मुद्दाम नाही. हे अजून मानायला तयार नाहीत. सारंगीवाल्याच्या हातातनं गज गळून पडला, इतका तो हसला. नातीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माईक जवळ ओढून नुसतं म्हणाली, "आजी, वर ये."

मी पायरीपर्यंत पोचले होते.